ठिपका, नियम आणि रेघ : कलानिर्मितीसाठी आज्ञावलीलेखन शिकण्याचा विचार

भाईंदर स्थानकाच्या पश्चिमेकडून उत्तनच्या दिशेने जाऊ लागले असता मुर्धे, राई आणि मोर्वा ही एकमेकांस लागून वसलेली गावे लागतात. एके काळी मिठागरे, भातशेती आणि खाडी ह्यांच्या आधाराने जगणारी ही वस्ती आता मिरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत मोडते, आणि जुन्या कौलारू घरांच्या शेजारी बहुमजली इमारती उभ्या राहिल्या आहेत. अंगण जाऊन त्या जागी दारापुढचा हात-दीड हात फरशीचा तुकडा आला. तरीही दिवाळीत त्या तुकड्यावर ठिपक्यांची रांगोळी उमटते. ती उमटविण्यापूर्वी एक बाई दुसरीला तिचे वर्णन ज्या शब्दांत सांगते त्या शब्दांकडे भाषेच्या अभ्यासकांनी फारसे लक्ष दिलेले नाही. ते शब्द अवघे तीन असतात : ‘पंधरा ते आठ’. ऐकणारीला त्याहून अधिक काही सांगावे लागत नाही.

हे तीन शब्द म्हणजे एक संपूर्ण आज्ञावली आहे. मधल्या ओळीत १५ ठिपके घालावयाचे; तिच्या वर आणि खाली एकेक ओळ अशी, की प्रत्येक ओळीत मागील ओळीपेक्षा एक ठिपका कमी असेल आणि तो मागील दोन ठिपक्यांच्या मधोमध येईल; आठ ठिपक्यांची ओळ झाली की थांबावयाचे. एकंदर १५ ओळी आणि १६९ ठिपके होतात व त्यांची बाह्याकृती षट्कोनी असते. हीच गोष्ट संगणकास सांगावयाची तर ओळींस उणे सातपासून अधिक सातपर्यंत क्रमांक द्यावेत, क्रमांकाचे चिन्ह सोडून उरलेली संख्या १५ मधून वजा करून त्या ओळीतील ठिपके ठरवावेत, आणि तितक्याच अर्ध्या घरांनी ओळीचा प्रारंभ उजवीकडे सरकवावा. एका आवर्तनाच्या पोटात दुसरे आवर्तन, एवढीच ह्या आज्ञावलीची रचना. कलेसाठी संगणक शिकू पाहणाऱ्याने पहिल्या आठवड्यात जे शिकावयाचे ते सारे ‘पंधरा ते आठ’ मध्ये आलेले आहे.

परंतु ही समानता दाखवून थांबणे म्हणजे अर्धेच काम करणे होय. ‘आमच्या आजीबाईंस सारे ठाऊक होते’ असा जो अभिमान अलीकडे सोयीस्करपणे व्यक्त होतो, त्याने रांगोळीचेही आकलन होत नाही आणि आज्ञावलीचेही. संस्कृत ही संगणकास सर्वांत अनुकूल भाषा असल्याचा जो प्रवाद सर्वत्र पसरला आहे त्याचे मूळ रिक ब्रिग्ज ह्यांच्या १९८५ च्या एका लेखात शोधण्यात येते. त्या लेखात प्रत्यक्षात शास्त्रीय संस्कृतातील वाक्यार्थविवरणाची पद्धती आणि अर्थजाळ्यांच्या रूपाने केलेली ज्ञानाची मांडणी ह्यांची तुलना होती. तुलनेचा सिद्धांत झाला आणि सिद्धांताची घोषणा झाली. रांगोळीच्या बाबतीत हेच घडू नये म्हणून साम्याइतकाच भेदही पाहिला पाहिजे.

भेद कोठे आहे हे दुसऱ्या एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ‘पंधरा ते एक’ असे सांगितले असता मधली ओळ १५ ठिपक्यांची आणि दोन्ही टोके एकेका ठिपक्याची होतात. एकंदर ठिपके २२५. ‘पंधरा ठिपके, पंधरा ओळी’ ह्या सरळ चौकटीतही २२५ च ठिपके असतात. संख्या एक, आकृती भिन्न. इतकेच नव्हे, तर ‘पंधरा ते एक’ ह्या एकाच सूचनेतून दोन आकृती संभवतात. दोन ओळींमधील अंतर दोन ठिपक्यांमधील अंतराच्या निम्मे ठेवले तर कोनावर उभा केलेला चौरस मिळतो. तेच अंतर सुमारे ०.८७ पट ठेवले तर वरचा व खालचा कोन ६० अंशांचा असलेला समभुज चौकोन मिळतो. सूचनेत ह्या अंतराचा उच्चार नाही. तो हात करतो. बोटांच्या चिमटीतून ठिपका सोडणारा हात शेजारच्या तीन ठिपक्यांस समान अंतरावर राहण्याचा प्रयत्न आपोआप करतो, आणि षट्कोनी जाळी अंगवळणी पडलेली असल्यामुळे दुसऱ्या प्रकारचा विचारही त्यास शिवत नाही. संगणकास मात्र हे अंतर अंकाने सांगावे लागते. न सांगितले तर आकृती निघतच नाही, किंवा निघते ती कोणाच्याही मनात नसलेली.

आज्ञावलीलेखन शिकण्याचे कलावंतास जे खरे प्रयोजन आहे ते येथे सापडते. जे आजवर हाताने ठरविले आणि तोंडाने कधीच सांगितले नाही ते उच्चारावयास भाग पाडणे, हा ह्या शिक्षणाचा गाभा होय. ह्याच्याशी समांतर असा अनुभव बोलीच्या अभ्यासकास नित्य येतो. राईच्या परिसरातील आगरी बोलीत प्रमाण मराठीतील ‘पाणी’चे ‘पानी’ होते, ‘गाडी’ची ‘गारी’ होते. बोलणारा ह्या ध्वनिबदलात चुकत नाही. परंतु नियम विचारला असता तो सांगू शकत नाही, आणि सांगू लागला तर बहुधा चुकीचा सांगतो. नियमाने वागणे आणि नियम जाणणे ह्यांतील अंतर व्याकरणकार भरून काढतो. आज्ञावली लिहिणारा कलावंत हा आपल्याच हाताचा व्याकरणकार असतो, असे म्हणण्यास हरकत नाही.

मराठीत रूढ झालेली ‘आज्ञावली’ ही संज्ञा ह्या दृष्टीने काहीशी दिशाभूल करणारी आहे. आज्ञांची ओळ असा तिचा विग्रह. तीत आज्ञार्थी क्रियापदांवर भर येतो : काढ, सरक, थांब. प्रत्यक्षात चांगल्या आज्ञावलीत आज्ञा थोड्या आणि व्याख्या पुष्कळ असतात. पाणिनीच्या सुमारे चार हजार सूत्रांत संज्ञासूत्रे, परिभाषासूत्रे आणि अधिकारसूत्रे ह्यांस जे स्थान आहे, मागील सूत्रातील पद पुढे अनुवृत्तीने चालत येते तेव्हा जे लाघव साधते, उत्सर्गास अपवाद बाधतो तेव्हा जी व्यवस्था राखली जाते, तिचे साधर्म्य आज्ञावलीशी आहे ते ह्या अंगाने. भाषेच्या श्रेष्ठत्वाशी त्याचा संबंध नाही. ‘ठिपका म्हणजे काय’, ‘ओळ म्हणजे काय’, ‘जाळी म्हणजे काय’ ह्या व्याख्या एकदा नीट बसल्या की काढण्याची आज्ञा एका शब्दाची राहते.

चित्राचे व्याकरण लिहिता येईल काय, हा प्रश्न मुंबईत फार पूर्वी, तोही संगणकाच्या निमित्तानेच, विचारला गेला होता ह्याचे विस्मरण झालेले दिसते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्याच्या उभारणीचे नेतृत्व रं. नरसिंहन् ह्यांनी केले. त्याची स्मृती २०४८ ‘शब्दां’ची होती, आणि प्रत्येक ‘शब्द’ ४० द्विमान अंकांचा. (‘शब्द’ ही संज्ञा अभियंत्यांनी भाषेतून घेतली, पण अर्थ मात्र बाहेर ठेवला!) आलेख आणि अक्षरे दाखविण्यासाठी त्यास ऋणकिरणनलिकेचा पडदाही जोडलेला होता. नरसिंहन् ह्यांनी पुढे अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात काम करीत असताना बुद्बुदकोष्ठातील कणमार्गांची छायाचित्रे यंत्राने वाचण्याचा प्रश्न हाती घेतला. चित्राचे वर्ग पाडून त्यास नाव देणे म्हणजे चित्र ओळखणे नव्हे. त्याची रचना सांगता आली पाहिजे, आणि त्यासाठी वाक्याप्रमाणे चित्राचेही घटक व त्यांचे संबंध सांगणारे व्याकरण हवे, अशी त्यांची भूमिका होती. ह्या विषयावरील त्यांचा एक महत्त्वाचा निबंध १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढील आयुष्यात ते भाषाव्यवहाराच्या अभ्यासाकडे वळले हा योगायोग म्हणता येणार नाही.

नरसिंहन् ह्यांच्या विचाराचे कलेच्या क्षेत्रातील सर्वांत निकटचे फळ मात्र मुंबईत नव्हे, मद्रासजवळ तांबरम् येथे निघाले. मद्रास ख्रिश्चन कॉलेजातील गिफ्ट सिरोमनी, राणी सिरोमनी आणि कमला कृतिवासन् ह्यांनी १९७४ मध्ये तमिळ कोलमांचे वर्णन सारणी-व्याकरणाने करून दाखविले. चॉम्स्की ह्यांनी १९५० नंतरच्या दशकात मांडलेली व्याकरणांची श्रेणी शब्दांच्या सरळ ओळीसाठी होती. ती दोन मितींत पसरवून, लहान कोलमावरून त्याच घराण्यातील मोठे कोलम नियमाने निर्माण करता येते असे ह्या निबंधाने सिद्ध केले. मराठी अभ्यासकाने येथे एक सावधगिरी बाळगावयास हवी. तमिळ कोलमाच्या एका मोठ्या प्रकारात रेघ ठिपक्यांस वळसे घालीत, त्यांस न शिवता, अखंड फिरते. महाराष्ट्रातील ठिपक्यांच्या रांगोळीत रेघ मुख्यत्वे ठिपक्यास ठिपका जोडते. पहिल्या प्रकारात ठिपका हा अडथळा आहे, दुसऱ्यात तो मुक्काम आहे. तेव्हा सिरोमनी ह्यांचे व्याकरण उचलून जसेच्या तसे मराठी रांगोळीस लावता येणार नाही. मराठी रांगोळीचे असे व्याकरण लिहिणे हा एखाद्या पदव्युत्तर प्रबंधास पुरेसा विषय आहे.

यंत्रावाचूनही आज्ञावली संभवते, ह्याचे उदाहरण मुंबईच्याच चित्रकलेत आहे. अकबर पदमसी (१९२८–२०२०) ह्यांनी नेहरू अधिछात्रवृत्तीच्या आधारे १९६९ मध्ये मुंबईत ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ ही चित्रकार व चित्रपटकार ह्यांची कर्मशाळा चालविली आणि त्या काळात ‘सिझिजी’ हा मूक चलत्पट केला. त्यातील बिंदू व रेषा ह्यांची हालचाल पदमसींनी आधी आखलेल्या गणिती क्रमानुसार होते. रेखाचित्रे हाताने काढलेली, आणि त्यांस गती देण्याचे काम राम मोहन ह्यांनी केले. संगणक त्यात कोठेही नाही. पण चित्रकाराने स्वतःस नियम घालून घेतला, तो कागदावर उतरविला, आणि त्या नियमातून जे निघेल ते स्वीकारावयाचे ठरविले. आज्ञावलीलेखनाची सारी शिस्त त्यात आहे. हंगेरीत जन्मलेल्या आणि पॅरिसमध्ये राहून काम करणाऱ्या व्हेरा मोल्नार (१९२४–२०२३) ह्यांनी १९५९ पासून आपल्या ह्याच पद्धतीस ‘काल्पनिक यंत्र’ असे नाव दिले होते; खरे यंत्र त्यांच्या हाती १९६८ मध्ये आले. पदमसी ह्यांनीही उत्तरकाळात ‘कॉम्प्यूग्राफिक्स’ ह्या नावाने ओळखली जाणारी चित्रे संगणकाच्या साहाय्याने केली. परंतु आज्ञावलीचा विचार त्यांत जितका आहे त्याहून ‘सिझिजी’त अधिक आहे, आणि विद्यार्थ्याने आधी पाहावयाचा तो चलत्पटच.

आता प्रचलित पाठ्यक्रमांकडे वळावयास हवे. कलावंतांसाठी केलेली ‘प्रोसेसिंग’ ही पद्धती केसी रीस आणि बेन फ्राय ह्यांनी २००१ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत सुरू केली. तिचेच जाळ्यावर चालणारे रूप ‘पी५’ हे लॉरेन मॅकार्थी ह्यांनी २०१३ नंतर घडविले. दोन्ही विनामूल्य आहेत, आणि राईतील एखाद्या विद्यार्थ्यास साध्या संगणकावर ती वापरता येतात. ह्या उपकाराचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु ह्या पद्धतींची प्रारंभिक पुस्तके एका ठराविक वळणाने जातात. पहिला धडा वर्तुळाचा, दुसरा रंगाचा, तिसरा आवर्तनाचा, आणि चौथ्याच धड्यात यदृच्छेचा प्रवेश होतो. यंत्राने निवडलेल्या संख्यांनी वर्तुळे पडदाभर विखुरली जातात, विद्यार्थी आनंदित होतो आणि कला झाली असे त्यास वाटू लागते. वास्तविक त्याने निर्णय घेण्याचे टाळलेले असते.

यदृच्छा स्वभावतः वाईट नव्हे. गेओर्ग नीस ह्या जर्मन गणितज्ञाचे १९६८ च्या सुमाराचे ‘शॉटर’, म्हणजे ‘खडी’, हे चित्र पाहावे. १२ चौरसांच्या २२ ओळी. वरच्या ओळीत चौरस नीट बसलेले, आणि खाली येता येता ते कलत व ढळत जातात. कलणे यादृच्छिक आहे. परंतु किती कलावे ह्याची मर्यादा ओळीगणिक वाढत जाते, आणि ती वाढ नीस ह्यांनी ठरविलेली आहे. अव्यवस्थेस व्यवस्था लावली म्हणून चित्र झाले. मोल्नार ह्यांनी तर आपल्या चित्रमालेत अव्यवस्थेचे प्रमाण एक टक्क्यापर्यंत मोजून आणले. प्राथमिक पुस्तके ह्या कलावंतांची नावे आदराने घेतात आणि त्यांचा संयम मात्र वगळतात. रांगोळीतही अनियमितता असते, पण ती ह्या जातीची नसते. डाव्या कडेचे ठिपके किंचित विरळ का, तर बसल्या जागेवरून तेथवर हात पोचविताना अंदाज चुकतो. शेवटच्या ओळी दाट का, तर उंबरठा जवळ आलेला असतो. ती चूक शरीराच्या स्थितीतून येते व दिशायुक्त असते. यादृच्छिक संख्या मिसळून ‘हस्तनिर्मित’ असा भास उत्पन्न करणाऱ्या आज्ञावली म्हणूनच खोट्या वाटतात : त्यांतील चूक कोणाचीच नसते.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. ह्या पद्धतींत चित्रफलकाचा आरंभबिंदू डाव्या-वरच्या कोपऱ्यात असतो आणि मोजमाप उजवीकडे व खाली वाढते. पुस्तकाचे पान वाचणाऱ्याची ही सवय आहे. रांगोळी काढणारी मधल्या ओळीपासून सुरुवात करते. कोपऱ्यातून मोजू लागल्यावर ‘पंधरा ते आठ’ हे सूत्र विनाकारण क्लिष्ट होते, आणि विद्यार्थी आपल्या परंपरेस कठीण समजू लागतो. आरंभबिंदू फलकाच्या मध्यावर नेण्याची आज्ञा ह्या पद्धतींत आहे. ती पहिल्याच धड्यात शिकविली गेली पाहिजे, आणि ती सहसा मागाहून येते. ह्या बाबतीत १९६७ मध्ये पेपर्ट, फॉइर्झाइग आणि सिंथिया सॉलोमन ह्यांनी मुलांसाठी रचलेली ‘लोगो’ ही भाषा अधिक समंजस होती. पुढे लवकरच तीत आलेले कासव ‘पुढे जा, उजवीकडे वळ’ अशा शब्दांनी चालते. दिशा त्याच्या स्वतःच्या तोंडावरून ठरते. भाषाशास्त्रात ‘येथे-तेथे’, ‘पुढे-मागे’ ह्या वक्तृसापेक्ष शब्दांचा जो वर्ग मानतात तो लोगोने जसाच्या तसा घेतला. ‘एक ठिपका सोडून पुढच्यास जोड, मग वळ’ हे रांगोळीचे सांगणे कासवाची भाषा आहे, आलेखकागदाची नव्हे.

लिपीच्या क्षेत्रात ह्या प्रश्नांस अधिक धार येते, आणि तेथे मराठी माणसाचे काम उल्लेखनीय आहे. डोनल्ड क्नूथ ह्यांनी १९७७ पासून ‘मेटाफाँट’ ही अक्षर काढण्याची आज्ञाभाषा घडविली. लेखणीची जाडी, कोन, अक्षराची उंची ही राशिमाने बदलली की एकाच आज्ञावलीतून अनेक वळणांची अक्षरे निघावीत हा त्यांचा हेतू. त्याचे विवेचन त्यांनी १९८२ मध्ये केले, आणि त्याच वर्षी डग्लस हॉफस्टॅटर ह्यांनी त्यावर आक्षेप घेतला, की ‘अ’पणा हा मोजक्या राशिमानांत कधीच पकडता येणार नाही. पीयूष घोष ह्यांनी १९८३ च्या आपल्या स्टॅनफर्ड येथील वृत्तांतात भारतीय लिप्यांसाठी ह्या मार्गाचा विचार केला, आणि फ्रान्स वेल्थॉइस ह्यांची मेटाफाँटमध्ये लिहिलेली देवनागरी १९९१ मध्ये ग्रोनिंगेन येथून प्रसिद्ध झाली.

हॉफस्टॅटर ह्यांचा आक्षेप खरा की खोटा हे रोमी ‘ए’वर ठरविणे कठीण, देवनागरी ‘ल’वर ते सहज ठरते. मराठीतील पाकळीयुक्त ‘ल’ आणि हिंदीत रूढ असलेला दंडयुक्त ‘ल’ ह्यांच्या मध्ये कोणतेही मध्यम रूप नाही. एका राशिमानाचा अंक हळूहळू वाढवून एकातून दुसऱ्यात जाता येत नाही. घडणच वेगळी आहे. देठयुक्त ‘श’चीही तीच गोष्ट. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने पाकळीयुक्त ‘ल’ व देठयुक्त ‘श’ ही रूपे प्रमाण ठरविली; म्हणजे जो भेद मापाचा नसून निवडीचा होता तो निवड म्हणूनच सोडविला गेला. आज्ञावलीत त्यासाठी अंक पुरत नाही, ‘जर–तर’ लागते. कलाविद्यार्थ्यास सातत्य आणि खंड ह्यांतील भेद शिकविण्यासाठी ह्याहून उत्तम उदाहरण क्वचितच मिळेल, आणि ते त्याच्या रोजच्या वहीत आहे.

र. कृ. जोशी (१९३६–२००८) ह्यांना हे अंतर्यामी ठाऊक होते. कवी, सुलेखनकार, जाहिरातक्षेत्रातील कलासंचालक आणि पवईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेतील औद्योगिक अभिकल्प केंद्रातील अध्यापक अशा अनेक नात्यांनी ते अक्षराकडे पाहत आले. उत्तरायुष्यात मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात त्यांनी अभियंत्यांसमवेत काम केले. त्यांचा ‘मंगल’ हा देवनागरी टंक ‘विंडोज २०००’ पासून असंख्य संगणकांवर पोचला. ‘मंगल’वर सौंदर्याच्या दृष्टीने टीका झाली आहे, आणि ती सर्वस्वी निराधार नाही : त्याचे वळण जोशींच्या स्वतःच्या सुलेखनापुढे मवाळ वाटते. परंतु टीकाकार बहुधा सुटी अक्षरे पाहतात. टंकाची खरी परीक्षा जोडाक्षरांत होते, आणि तेथे टंक म्हणजे अक्षरांचा साठा राहत नाही. कोणती चिन्हे एकत्र आली असता कोणते रूप घ्यावयाचे ह्या नियमांची ती एक आज्ञावली असते. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ ही जोडी घ्यावी. एकात समुद्र आहे, दुसरीत डोंगरांमधील खोल जागा. फरक केवळ ‘र’च्या रूपाचा, आणि हा फरक हिंदी लेखनास लागत नाही. हा नियम टंकात घालावयाचा तर तो घालणाऱ्यास मराठी येत असावी लागते. कुंचला आणि नियम ह्यांपैकी एकच हाती असलेल्याचे येथे भागत नाही, हे जोशींच्या कार्यातून दिसते.

ह्याच जोडीचा एक मासला आज्ञावली लिहितानाही भेटतो. आज प्रचारात असलेल्या अनेक संगणकभाषांत, पी५ ज्या जावास्क्रिप्टवर उभी आहे तीत आणि पायथनमध्येही, विद्यार्थ्यास आपल्या व्याख्यांची नावे देवनागरीत ठेवता येतात. ‘ठिपका’, ‘ओळ’, ‘जाळी’ ही नावे यंत्र मुकाट्याने स्वीकारते. ‘जर’, ‘तोवर’ ह्यांचे इंग्रजी प्रतिशब्द मात्र बदलता येत नाहीत. आज्ञेची चौकट परकी आणि व्याख्या स्वभाषेत, अशी ही मिश्र भाषा होते. तिला नाक मुरडण्याचे कारण नाही. कचेरीतील मराठी फारसी शब्दांनी अशीच बनली होती. मात्र ‘दऱ्या’ हे नाव दोन प्रकारांनी टंकित करता येते, एकदा नुक्त्याच्या ‘ऱ’ने आणि एकदा ‘र’ला जोडणारे अदृश्य चिन्ह लावून. डोळ्यांस दोन्ही एकच दिसतात. जावास्क्रिप्टच्या लेखी ती दोन वेगळी नावे ठरतात. विद्यार्थी तासभर चूक शोधीत बसतो. तो तास वाया गेला असे समजू नये.

ह्या साऱ्या खटाटोपाची आता आवश्यकता उरली आहे काय, असा प्रश्न २०२२ नंतर गंभीरपणे विचारला जाऊ लागला आहे. त्या वर्षापासून शब्दांत वर्णन लिहिले असता चित्र तयार करून देणारी साधने सर्वसामान्यांच्या हाती आली, आणि ‘दारापुढची ठिपक्यांची रांगोळी’ असे लिहिताच रांगोळीचे चित्र समोर येते. हे चित्र अनेकदा मोहक असते. परंतु त्याला प्रश्न विचारता येत नाही. ठिपके किती, रेघ कोठून निघाली, आकार मोठा केला तर कोणता भाग वाढेल आणि कोणता तसाच राहील, ह्यांची उत्तरे त्या चित्रात असतीलच असे नाही, कारण मोजणीच्या नियमातून ते घडलेले नसते. रांगोळ्यांच्या असंख्य प्रतिमांच्या सरासरी ओळखीतून ते घडते. नरसिंहन् ह्यांनी चित्रास नाव देणे आणि चित्राची रचना सांगणे ह्यांत जो भेद केला होता तोच येथे उलट बाजूने पुन्हा उभा राहतो. समीक्षेच्या दृष्टीने ही बाब क्षुल्लक नाही. आज्ञावलीतून निघालेल्या चित्राचे पाठ्य वाचता येते. कोणता निर्णय कोणत्या ओळीत घेतला हे दाखवून त्याचे गुणदोष सांगता येतात. कलाविभागांनी आज्ञावलीस केवळ कारागिरी समजून दूर ठेवले आणि संगणकविभागांनी चित्रास केवळ शोभा समजून, त्यामुळे असे वाचन करणारा समीक्षक आपल्याकडे तयारच झाला नाही.

असे वाचन कोठून सुरू करावे ह्यासाठी पुन्हा राईच्या दारापुढच्या फरशीकडे यावे लागते. जागा अपुरी असली की ‘पंधरा ते आठ’ची रांगोळी ‘अकरा ते सहा’वर येते. ९१ ठिपके, आणि षट्कोन तसाच सुबक. पहिली संख्या लहान केली की दुसरी किती करावयाची हे रांगोळी काढणारीस विचारावे लागत नाही. विद्यार्थ्यास मात्र ते शोधावे लागते : मधल्या ओळीच्या संख्येत एक मिळवून निम्मे केले की कडेची ओळ मिळते. ज्याने हा संबंध आज्ञावलीत लिहिला त्याची रांगोळी एक अंक बदलताच कोणत्याही दारापुढे बसते. ज्याने दोन्ही अंक सुटे ठेवले तो घाईत ‘अकरा ते आठ’ असे लिहून जातो, आणि यंत्र कोणतीही तक्रार न करता सात ओळींची, ६५ ठिपक्यांची, आडवी पसरलेली चपटी आकृती पडद्यावर काढून ठेवते. दारापुढे तीच चूक झाली असती तर चौथ्या ओळीपाशीच हात थबकला असता आणि पदराच्या टोकाने ठिपके पुसले गेले असते.